सहा बर्नरची रांगोळी

“बेलवाडीकरांपेक्षा मोठी गॅसची शेगडी आठ दिवसांत आपल्या मुदपाकखान्यात आली पाहिजे!” कासारगडच्या रणधीरराव सरकारांनी कप बशीत आपटून हुकूम सोडला.

आदल्या दिवशी ते बेलवाडीला मावसभावाकडे जेवायला गेले होते. तिथली सहा बर्नरची, काचेच्या दाराच्या भट्टीची शेगडी पाहिल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

“सरकार, तिची किंमत...” कारभारी गुंडोपंत चाचरले.

“निम्म्यात बसवा! तनखा बंद झालाय, ठाऊक नाही? आणि आऊसाहेबांनी बांधलेल्या ओट्याची एक फरशी हलता कामा नये!”

राज्य जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती, पण हट्टाचं विलीनीकरण काही झालं नव्हतं. गुंडोपंतांनी मान डोलावली. पोह्यांची ताटली घेऊन दाराशी उभी असलेली स्वयंपाकीण हौसाक्का मात्र बोलून गेली, “मोठीबी पायजे, स्वस्तबी पायजे, आन् घरातलं काय हलायबी नको! सरकार, ही शेगडी न्हवं, सून बघताय तुम्ही!”

“असं? मग तूच शोधून आण! नाही जमलं तर नवव्या दिवशी मुंबईचा खानसामा येईल. तू आपली गावी जा!”

हौसाक्काला स्वतःच्या अकलेबद्दल कधी शंका नव्हती. अक्कल आपल्या वाट्याला आलेलीच नाही, याची तिला पक्की खात्री होती. तोंड मात्र देवानं दोघींचं दिलं होतं. गावी तिचं आता कुणी उरलं नव्हतं. तीस वर्षं हा मुदपाकखानाच तिचं घर होता.

दुसऱ्या दिवशी गुंडोपंतांबरोबर ती एस.टी.नं तालुक्याच्या दुकानात गेली. दुकानदारानं अदबीनं मोठ्या शेगडीवरचं कापड दूर केलं. “बेलवाडीला गेली ती अशीच!”

हौसाक्कानं वाकून सगळीकडून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “लाकडं कुठनं सारायची?”

दुकानदार हसून हसून खाली बसला. गुंडोपंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. हौसाक्कालाही हसू आवरेना. चूल फुंकणाऱ्या बाईला शेगडी निवडायला धाडणारे सरकार जास्त वेडे, की मुकाट्यानं आलेली ती, हे तिला ठरवता येईना.

“हसा, पण माप घेऊ द्या,” असं म्हणत तिनं कमरेची सुतळी काढली. फूट-इंच तिला कळत नव्हते, पण घरच्या पातेल्यांचे घेर हातात बसले होते. तिनं शेगडीवर सुतळी लावली, गाठी मारल्या आणि पुन्हा लावून पाहिली. मग ती कोपऱ्यात गेली. तिथे एक लांबलचक, बुटकी, लोखंडी शेगडी धूळ खात पडली होती.

“ही?”

“ती होय? चार बर्नर, एका रांगेत. काच नाही, भट्टी नाही. कुणी ढुंकून बघत नाही तिच्याकडं.”

“मग आमचं दोघींचं जमंल!” हौसाक्का म्हणाली.

आठव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सरकार मुदपाकखान्यात आले. ओटा जसाच्या तसा होता, पैसे निम्म्याहूनही कमी गेले होते, पण शेगडी बघून त्यांचा चेहरा पडला. “चारच? बेलवाडीला सहा आहेत! गुंडोपंत, खानसाम्याला तार करा!”

“करा की. पर आधी बेलवाडीची शेगडी बघा, हितंच मांडलीया,” हौसाक्का म्हणाली.

खाली फरशीवर सुतळीच्या मापानं तिनं रांगोळी घातली होती: चौकोनात सहा गोल, मागे तीन, पुढे तीन. गुंडोपंतांना हाताशी घेऊन तिनं नव्या शेगडीवरची पातेली त्या रांगोळीवर उतरवली. आधी भाताचं, मग आमटीचं, मग उसळीचं. चौकोन भरला! तिच्या हातात भाकरीचा परातीएवढा तवा तेवढा राहिला.

“उरलेले बर्नर कुठं गेले?” सरकारांनी वाकून विचारलं.

“पातेल्यांच्या पोटाखाली! एकेक पातेलं दोन दोन अडवून बसलंय. सरकार, आता तवा काय माझ्या डोक्यावर ठिवू? आत तसंबी रिकामंच हाय, लवकर तापंल!”

“मग लहान पातेली घे!”

“आपल्यात लहान पातेलं हाय कुठं?”

तेवढ्यात बाराची घंटा झाली. कासारगडची रीत होती, या घंटेला जो दारात असेल त्याला पान वाढायचं. राज्य गेलं तरी रीत चालू होती. म्हातारा माहूत आला, पोस्टमन आला, बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या उतरवून बसल्या. बघता बघता ओसरी भरली.

“सरकार, बेलवाडीला त्या दिशी किती पानं पडली व्हती?” हौसाक्कानं हळूच विचारलं.

“चार,” सरकार म्हणाले.

“आन् हितं?”

सरकारांनी ओसरीकडे पाहिलं. एक, दोन करत ते चाळिसापर्यंत आले आणि थांबले.

“त्यांची सहा बर्नरची, पंगत चौघांची. आपली चार बर्नरची, पंगत चाळिसांची. आता तुम्हीच सांगा सरकार, मोठी शेगडी कुणाची?”

सरकार असे खदखदून हसले की पोस्टमनही कारण न कळता हसू लागला!

“गुंडोपंत, तार करा! खानसाम्याला म्हणावं, येऊ नकोस, इथं लहान पातेलं नाही!” त्यांनी खिशातली वडिलार्जित चांदीची काडेपेटी काढून हौसाक्काच्या हातावर ठेवली. “ही तुझी! आजपासून आमची शेगडी तुझ्याच हातानं पेटणार, दुसऱ्या कुणाच्या नाही!”

हौसाक्कानं काडेपेटी कपाळाला लावली. तिचे डोळे भरून आले होते.

“सरकार, तेवढं सोडून काय बी सांगा! सकाळधरनं दुकानदाराला मागल्या दारी बसवून ठिवलाय पेटवायला. बटण कुठल्या अंगाला पिळायचं, त्ये मला अजून उमगलेलं न्हाई!”