जीपचं सीमोल्लंघन

दादासाहेब इंगवल्यांची जीप बंद पडली, तेव्हा "दोन दिवस ठेवतो" म्हणून त्यांनी ती हौसाक्काच्या अंगणात लावली. त्याला अठरा वर्षं झाली. चाकं गेली, इंजिन गेलं, उरला गंजका सांगाडा, आणि त्यात आता नाग राहायला आला. हौसाक्काची सून पोटुशी; तिला अंगणात उतरायची चोरी झाली.

"भंगारात देऊ का?" हौसाक्कानं विचारलं.

"भंगार?" दादासाहेब कडाडले. "वडिलांची गाडी आहे ती! हात लावलास तर पोलिसांत देईन."

दसऱ्याला सगळा गाव दादासाहेबांच्या दारात सीमोल्लंघनाला जमला. त्यांच्या ट्रॅक्टरला, मोटारीला झेंडूच्या माळा. हौसाक्का पुढं झाली.

"दादासाहेब, पूजेची गाडी शिवेपार न्यायची, ही तुमच्याच घराण्याची रीत. अंगणातल्या जीपला मी आज हळदकुंकू वाहिलंय. गाडी असेल तर चला घेऊन. भंगार असेल तर तसं सांगा, मी माझं बघते."

गावादेखत दादासाहेबांच्या तोंडून 'भंगार' निघेना. शेवटी त्यांच्याच ट्रॅक्टरला साखळी बांधली. सांगाडा हलताच नाग सळसळत ओढ्याकडे निघून गेला, आणि म्हाताऱ्यांनी हात जोडले. नागाला की हौसाक्काला, कोण जाणे.

शीव ओलांडली. ट्रॅक्टर जीपसकट माघारी वळायला लागला, तशी हौसाक्का आडवी आली. दादासाहेबांच्या हातावर आपट्याची पानं ठेवत म्हणाली,

"शिवेवरून घरी सोनं न्यायचं असतं, दादासाहेब. गंज नेतात होय?"