एक हजार नऊ मुंग्या

बाळांनो, एका जंगलात, तळ्याकाठच्या वारुळात एक मुंगी आपल्या पोरीला घेऊन राहत असे. रोज सकाळी ती पोरीचे पाय मोजायची. सहा भरले की पुन्हा मोजायची. न जाणो, आपलंच चुकलं असलं तर?

एका वर्षी तळं फुगलं आणि पाणी वारुळाच्या तोंडाशी आलं. पलीकडच्या उंचवट्यावर जायचं तर पिंपळाच्या पानांवर बसून. एका पानावर बाराजणी, इकडे सहा, तिकडे सहा. एक जरी कमी-जास्त झाली तरी पान कलंडतं, अशी पूर्वापार समजूत. म्हणून अपुरं पान पाण्यात सोडायचंच नाही, हा नियम. गणिती म्हातारीने सगळ्यांना मोजलं आणि तोंड वाकडं केलं. "एक हजार नऊ. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाला भागू देत नाही. हट्टी मेली." एक हजार आठवर मात्र तिचा भारी जीव. सम, संयुक्त, तीस विभाजकांची. दोनाने भागा, साताने भागा, बाराने भागा, कुरकुर म्हणून नाही. चौऱ्याऐंशी पानं, बाकी शून्य. तेव्हा एकीने मागे राहायचं, कोण ते ठरवा, असं ती म्हणाली.

सगळ्या आपल्या पोरीकडेच बघताहेत असं आईला वाटलं, आणि ती घाईघाईने बोलून गेली, "ती दारातली लंगडी आहे की. तिला तसंही कुठे चालवतंय?"

लंगडी दारातच बसली होती. "काकू, मी हळू चालते," ती म्हणाली, "पण पोचते." ते ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. आईनेही.

काठावर ओळी लागल्या. पुढे बेडूक असतो म्हणून आईने पोरीला मुद्दाम शेवटच्या ओळीत ठेवलं आणि पलीकडे तिला उतरवून घ्यायला स्वतः पुढच्या ओळीत लागली. बेडूक होताच. त्याने पहिल्या ओळीतली एक उचलली, मागच्या एकेक पुढे सरकल्या, आणि पानं सुटत गेली. वारा पलीकडे नेणारा; सुटलेलं पान मागे फिरत नाही. मधल्या पाण्यात आईने वळून पाहिलं, तर शेवटच्या पानापाशी पोरीसकट अकराच.

"एक हजार सात," शेजारी बसलेली म्हातारी पुटपुटली. "त्र्याऐंशी पानं, बाकी अकरा."

"आजी, एकच तर कमी आहे."

"मघाशी एकच जास्त होती."

आईने मनाशी वजाबाकी केली. एक हजार नवांतून बेडकाने नेलेली एक गेली, तर उरतात एक हजार आठ. सवयीने तिने पुन्हा करून पाहिली. उत्तर तेच आलं.

वारुळाचं दार आता पाण्याखाली गेलं होतं. काठावर अकराजणी पानाशी ओळ धरून उभ्या होत्या, बारावीची वाट बघत.

तात्पर्य : आज ज्याला जास्तीचा म्हणून मागे सोडतो, उद्या नेमका तोच कमी पडतो.