चंद्रावरच्या गावाची पोथी

ही गोष्ट मुलांना सांगायची नाही, असे आईने मला बजावलेले आहे, कारण हिच्यात शेवटी कोणाचेच भले होत नाही. तरी सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, नदी गावाच्या पलीकडच्या अंगाने वाहत होती तेव्हा, एका गावात एका रंगाऱ्याची मुलगी राहत होती. ती कमी बोलायची. बापाने टाकून दिलेल्या रंगांतून तिने अठरा पानांची चित्रांची पोथी केली. तिच्यात एक मुलगी तांब्याच्या घंगाळात बसून वाफेच्या जोरावर चंद्रावर जाते. तिथे कशालाच वजन नसते. माणसे स्वतःला दोरीने खाटेला बांधून झोपतात. अशी गोष्ट गावात कोणी ऐकलेली नव्हती.

बारा वर्षांतून एकदा त्या गावात चित्रकथी येई. चित्रे दाखवत गावोगाव गोष्टी सांगणे हा त्याचा धंदा. आवडलेली एकच पोथी तो बरोबर नेई, आणि मग ती गोष्ट राज्यभर फिरे. यंदा माघात तो येणार होता. आपली पोथी त्याने न्यावी, एवढेच मुलीला हवे होते.

म्हणून ती पोथी घेऊन घरोघर गेली. कशी झाली आहे ते सांगा, म्हणाली.

त्या गावाची एक रीत होती. वस्तू आवडली की तिला दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावायची. लावली नाही, तर आवडली नाही असा अर्थ होई, आणि तोंडावर तसे कोण म्हणणार? पाटलांनी म्हशीबद्दल बोलता बोलता पहिल्याच पानावर बोट टेकवले. सोनारकाकूंनी दोन ठिपके दिले आणि बोटाला उरलेले काजळ पुढच्या पानाला पुसले. "गुणाची गं पोर," त्या म्हणाल्या. पोथी त्यांनी उलटी धरली होती. मुलीने ते पाहिले, पण ठिपके वाढत होते, त्यामुळे विसरायला जड गेले नाही.

फक्त कोष्टीणमावशीने चालता माग थांबवला. अठराही पाने तिने सावकाश पाहिली, मग मागे जाऊन दोन पाने पुन्हा काढली.

"पाचव्या पानावर पाण्याचे गोळे हवेत तरंगतात, माणसं ते जाळ्यात धरतात," ती म्हणाली. "मग अकराव्या पानावर ही रहाटाने पाणी कसं काढते? आणि इतक्या लांब गेली, तर हिला घरची आठवण येत नाही का? मला आली असती."

तिने तीट लावली नाही.

मुलीचे कान तापले. "तुम्ही लुगडी विणा, मावशी. हे तुम्हाला नाही कळायचं," ती हळूच म्हणाली, आणि पोथी तिच्या हातातून काढून घेतली.

घरी येऊन तिने अकरावे पान पाहिले. मावशीचे बरोबर होते. पण पान बदलायचे, तर त्यावरचे सात ठिपके गेले असते. तिने ते तसेच ठेवले.

माघात चित्रकथी आला. चावडीपुढे सारा गाव जमला. त्याने पोथी उघडली. चंद्रावरच्या माणसांची तोंडे मोहरीएवढी होती, ती सगळी तिटेखाली गेली होती. घंगाळ कुठे आणि आभाळ कुठे, कळेना.

गोष्ट काय आहे, त्याने विचारले. मुलगी पुढे झाली, तसा त्याने हात वर केला.

"तू नको. करणाऱ्याला सगळं दिसतंच. ज्यांनी तीट लावली त्यांनी सांगा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. छान आहे, पाटील म्हणाले. फारच छान आहे, सोनारकाकू म्हणाल्या. काय छान आहे, ते कोणाला सांगता येईना. मागे कोणीतरी हसले.

मुलीने कोष्टीणमावशीकडे पाहिले. मावशी मांडीवर सुताचा गुंता सोडवत बसली होती. चित्रकथ्याने मुलीची नजर पाहिली आणि मावशीलाच विचारले, बाई, तुम्ही पाहिली होती का?

"पाहिली असेन," मान वर न करता मावशी म्हणाली. "आता नाही आठवत, बाबा."

ती खोटे बोलते आहे, हे एकट्या मुलीला ठाऊक होते, आणि तिला ते बोलून दाखवता येत नव्हते.

चित्रकथ्याने शेजारी ठेवलेली कुंभाराच्या लेकाची वाघाची पोथी उचलली. तिच्यावर दोनच ठिपके होते. मुलीची पोथी सोनारकाकूंनी चूल पेटवायला मागून नेली. कागद चांगला आहे, म्हणाल्या.

तात्पर्य, आपले काम नीट पाहून चूक दाखवणाऱ्याला जो दुखावतो, त्याचे काम पाहणारे मग कोणीच उरत नाही.

आता तुम्ही विचाराल, ती मुलगी नंतर मावशीकडे कधी गेली का. गेली होती. उंबऱ्याशी उभी राहून ती म्हणाली, मावशी, त्या दिवशी मी... थांबा, माझी आई हाक मारते आहे. आले, आई. कोणाला काही सांगत नाहीये, नुसतीच बसलेय.