बोचक्याचं भाडं वेगळं

फार जुन्या काळी, समुद्रांना अजून नावं पडली नव्हती तेव्हा, एका बंदरात शिडं शिवणारी एक विधवा राहत होती. तिची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे दिलेली. अकरा वर्षांत मायलेकींची भेट नव्हती.

पलीकडे जाणारं गलबत एकच. त्याचा तांडेल मोठा ऐटबाज. आत पाय ठेवला की गुलाबपाणी, बसायला गादी, दुपारी पंचपक्वान्नं, वर विडा. हवं असो वा नसो, सगळं भाड्यात धरलेलं. आणि ते भाडं ऐकून डोळेच पांढरे व्हावेत! दर नारळी पौर्णिमेला नवं शीड पोचवताना ती विचारी, "तांडेलदादा, यंदा भाडं किती?" तो हसत आकडा सांगे. ती गुपचूप घरी येई.

एके वर्षी एक परका नाखवा तिच्या दारी आला. "मावशी, माझ्या गलबताला शीड शिवून दे. बसायला फळी, भाकरी ज्याची त्यानं आणायची, बोचक्याचं भाडं वेगळं. पण माणसाचं भाडं चौथाई!"

तांडेलाला हे कळलं. तो तणतणत आला. "त्याचं शीड शिवलंस, तर माझं काम विसर!"

तिची चूल त्याच्याच कामावर पेटत होती. तरी ती म्हणाली, "दादा, शीड माझ्या हातचं. वारा काही कुणाच्या बापाचा नाही." आणि तिनं सुई ओवली.

पहिल्या फेरीला किनाऱ्यावर ही गर्दी! कुंभार, सुईणी, कधी गाव न सोडलेले म्हातारे. बोचक्याचं भाडं वाचवायला बायकांनी तीन-तीन लुगडी अंगावर चढवलेली. तांडेल पोट धरून हसला. मग त्याला शीडवाली दिसली, भर उन्हात गोधडी पांघरलेली.

"हे काय, बाई?"

"शिडाच्या चिंध्यांची आहे. नातीसाठी. बोचकं केलं तर भाडं पडतं."

"एवढी ओढ होती, तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलत होते की, दादा. दर पौर्णिमेला भाडं विचारत होते."

तांडेलाची मान खाली गेली. त्याला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याचं भाडं उतरलं ते त्यामुळे नव्हे. चार फेऱ्या गाद्या रिकाम्या गेल्या, तेव्हा पक्वान्नं आणि विडा बंद झाला, भाडं निम्म्यावर आलं, आणि त्याचंही गलबत भरू लागलं. शिडं जास्त लागली, तसा तो मुकाट्यानं तिच्याच दारी आला.

पुढच्या नारळी पौर्णिमेला लेक माहेरी आली, तांडेलाच्याच गलबतातून. नातीच्या अंगावर गोधडी होती.

तात्पर्य: एकाची दया एखाद्यालाच पलीकडे नेते; दोघांची चढाओढ अख्ख्या गावाला नेते.