फुंकर

“मग इतकी माणसं उगाच येतात का, बाबा?”

दाऊदशहा फकीर भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसले होते.

विचारणारा मेहताब त्यांचा शागीर्द. दर गुरुवारी दर्ग्याच्या खोलीत दुखणाईत यायचे. कलाम पढून त्यांच्या तोंडावर फुंकर घालायचं काम बाबांनी या हिवाळ्यात त्याच्यावर सोपवलं होतं. थंडीपायी दार लावलेलं, खिडकीला गोणपाट. आत माणसाला माणूस खेटलेलं. सकाळपासून फुंकून फुंकून मेहताब पार दमला होता. घसाही खवखवत होता, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

“माझ्या फुंकरीला गुण आहे, बाबा. म्हणून तर गर्दी वाढतेय.”

“मागल्या गुरुवारी खोकत कोण होतं?”

“रंगनाथ गवंडी.”

“आणि भामाकाकू?”

“ती गुडघा दुखतो म्हणून आलेली.”

“आज?”

मेहताबनं वळून पाहिलं. भामाकाकू पदर तोंडाला लावून खोकत होती. मांडीवरचा नातूही खोकत होता.

“गुडघा कसाय तिचा?”

“…तसाच आहे.”

“वा रे तुझा गुण!”

मेहताबचे कान तापले. “ती रंगनाथला शिवलीसुद्धा नाही, बाबा. तो इथं दाराशी, ती पार त्या कोपऱ्यात!”

“त्या कोपऱ्यात वेगळी हवा असते का रे?”

…

तेवढ्यात एक बाई गर्दीतून वाट काढत पुढं आली. कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं.

“दादा, आधी याच्यावर घाला. कुणाची नजर लागली की काय, रात्रभर रडतंय. बाकी काही नाही हो त्याला, नुसतं रडतंय.”

एवढी माणसं बघत होती. मेहताब सावरून बसला. ओठ पुटपुटले. बाळाच्या तोंडावर वाकून त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि घशात खवखव उठली.

बाबांचा हात आला. चहाची कपबशीसुद्धा पेलवत नसे, असा कापरा हात. तो मेहताबच्या तोंडावर घट्ट बसला. आवरून धरलेला खोकला त्या तळव्यातच फुटला.

बाळ टुकूटुकू बघत होतं.

“बाबा,” बाई रडवेली झाली, “माझ्या लेकराला फुंकर नाही का घालायची?”

बाबांनी हात काढला नाही.

“घातली, माई. आता त्याला बाहेर उन्हात ने.”