हिंगेबाईंची वेतनवाढ

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी स्वतः तिथं होतो. म्हणजे नव्हतो, पण असतो तर हेच पाहिलं असतं.

त्या वर्षी फर्मान निघालं, की वर्गाच्या गुणांची सरासरी वाढेल त्याच शिक्षकाला वेतनवाढ. टेंभीवाडीच्या हिंगेबाईंची सरासरी घसरली, कारण त्यांनी वीटभट्टीवरची सात पोरं आणून वर्गात बसवली होती.

तपासणीला आलेले खंडागळेसाहेब भर वर्गात म्हणाले, "सरासरी पन्नास! बाई, पगार घेताना काहीच वाटत नाही का हो?"

बाईंनी हजेरीपट आणि लाल पेन पुढं केलं. "उपाय सोपा आहे, साहेब. ही सात नावं खोडा, सरासरी पासष्टवर जाते. फक्त प्रत्येक नावापुढं 'माझ्या हुकमानं शाळाबाह्य' असं लिहून सही तेवढी करा."

साहेबांची स्वतःची बढती तालुक्यात एकही मूल शाळाबाह्य न राहण्यावर अडली होती. हातात विंचू आल्यासारखं त्यांनी ते पेन खाली ठेवलं आणि बाईंच्या अहवालावर 'अत्युत्तम' असा शेरा मारला.

आता कबूल करतो, तो शेरा मी माझ्या पदरचा घातला. साहेब नुसते चहा पिऊन गेले आणि बाईंची वेतनवाढ अजून अडलेलीच आहे. पोरं मात्र सातच्या सात खरी आहेत.