उतरला होता

“पण बुवा, हा ‘हॅड’ बरोबर आहे की नाही, एवढंच सांगा.”

दाजीबुवांनी कागद उन्हात धरला. देवळात येऊन राहण्याआधी तीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. समोर बसलेला सामंत त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आता वीज उपकेंद्रात इंजिनीअर. हुशारीचा तोरा अजून तसाच होता, पण आज तोंडचं पाणी पळालं होतं.

उद्या अकरा वाजता त्याची चौकशी होती, आणि कागदावर तिथे द्यायचा जबाब होता. लाइनमन बाबल विजेच्या खांबावर चिकटून मेला होता. तो उतरल्यावरच आपण वीज सोडली, नंतर तो आपल्याच मनाने पुन्हा चढला, असं सामंताचं म्हणणं. पाहणारं दुसरं कोणी नव्हतं.

बुवांनी वाक्य मोठ्याने वाचलं. “‘व्हेन आय स्विच्ड ऑन द सप्लाय, बाबल हॅड कम डाउन.’ म्हणजे?”

“मी वीज सोडली, तेव्हा बाबल खाली उतरला होता. उतरणं आधी, वीज नंतर.”

“वर्गातली बाकीची पोरं मराठीत ‘होतो’ दिसलं की हॅड ठोकून द्यायची. काल बाजारात गेलो होतो... की झालाच हॅड. तू मात्र कधी चुकला नाहीस.”

“नाही चुकलो.” सामंताला जरा बरं वाटलं.

“अख्ख्या पानात एकच हॅड आहे.”

“एकच लागतो, बुवा.”

...

बुवांनी कागद त्याच्या हातात परत दिला. धोतर वर खोचलं, आणि अंगणातल्या दीपमाळेच्या, दिवे ठेवायच्या दगडी हातांवर पाय देत ते वर चढू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. सामंत उठून दीपमाळेखाली धावला.

“बुवा, हे काय चाललंय?”

“वाच.” आवाज पार वरून आला.

“आधी खाली या.”

“वाक्य वाच, सामंता. वर्गात वाचायचास तसं, खणखणीत.”

“व्हेन आय स्विच्ड ऑन द सप्लाय...”

वर बुवांचा पाय सरकला. ते कसेबसे सावरले. शेवाळाचा एक तुकडा सामंताच्या पायाशी पडला.

तो वाचता वाचता थांबला. बाबलचा ‘साहेब, उतरलो’ असा फोन येईपर्यंत थांबायचं, हा नियम. त्या दुपारी फोन आला नव्हता. सामंताला भूक लागली होती, डबा उघडून ठेवलेला होता, आणि रोज उतरतो तसा आजही उतरला असेल म्हणून त्याने हँडल फिरवलं होतं. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“थांबलास का? पुढे हॅड आहे.”

“तुम्ही अजून वर आहात, बुवा... मला नाही वाचवत.”

“व्याकरण बरोबर आहे. वाच.”

“हात जोडतो तुमच्यापुढे. पडाल. खाली उतरा... बुवा, खाली उतरा हो.”

सामंताला मान वर करायचा धीर होत नव्हता.

मग बुवा बोलले, अगदी मवाळ आवाजात.

“कुणाला हाका मारतोस, बाळा? तुझ्या कागदावर मी केव्हाच उतरलोय.”